अकोल्याचा कूलर डोंबिवलीत

अकोल्याहून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवलं तेव्हा ट्रकमध्ये सगळ्यात आधी चढला तो कूलर. बाबांनी ओळखीच्या वेल्डरकडून करून घेतलेला, जाड पत्र्याचा, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी. दर मार्चमध्ये त्याला नवा रंग आणि नव्या ताट्या मिळायच्या. पंप सुरू होऊन पहिल्यांदा वाळा भिजला की जो वास यायचा, तोच आमच्याकडे उन्हाळा लागल्याची खूण होता. बाहेर ४५ अंश असले तरी आतल्या खोलीत पहाटे गोधडी ओढावी लागायची.

डोंबिवलीत मे महिन्यात तो खिडकीत बसवला. अर्ध्या तासात चादरी ओलसर झाल्या, पापड मऊ पडले आणि अंगावरचा घाम तिथल्या तिथे चिकटून बसला. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, इथं नाही चालत हे. पंखाच बरा." बाबांना आठवडाभर वाटत होतं की पंपात काहीतरी बिघडलंय. पंप उत्तम होता. बिघडली होती ती हवा, म्हणजे बदलली होती. पुढची काही वर्षं त्या कूलरच्या पोटात आम्ही कांदे-बटाटे ठेवले.

कूलरचं तत्त्व अगदी साधं आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर वाफ भराभर होते आणि गारवा मिळतो. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर वाफ व्हायला जागा राहत नाही. माठाचंही तेच. आणि माणसाच्या शरीराचंही तेच, कारण शरीराकडे उष्णता बाहेर टाकायचा मोठा मार्ग घामाचा आहे. डोंबिवलीत ज्या कारणानं कूलर निकामी झाला, त्याच कारणानं तिथला माणूसही उन्हाळ्यात अर्धा निकामी होतो. हे दहावीच्या पुस्तकातलं विज्ञान आहे. तरी आपली उष्णतेबद्दलची सगळी सार्वजनिक समज अजून थर्मामीटरच्या एका आकड्यावर उभी आहे, आणि तो आकडा विदर्भाचा आहे. टीव्हीवर चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला अशी नावं झळकली की राज्याला उन्हाळा आल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं की या सवयीची किंमत आपण माणसांच्या जिवानं देतो आहोत. ती थांबवायला लागणारी यंत्रं या राज्यात आधीच उभी आहेत. फक्त ती दुसऱ्या कामाला जुंपलेली आहेत.

१६ एप्रिल २०२३. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसं उघड्यावर बसलेली, त्यातली कित्येक आदल्या दिवसापासून आलेली. उष्माघातानं १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी जवळच्या स्वयंचलित केंद्रावर नोंदलेलं कमाल तापमान होतं ३८ अंशांच्या आसपास. अकोल्यातल्या माझ्या मावसभावानं तेव्हा फोनवर विचारलं होतं, "अडतीसमध्ये? अडतीसला तर आमच्याकडे लग्नाची वरात निघते." तो टिंगल करत नव्हता, त्याला खरंच कोडं पडलं होतं.

कोडं सोडवायला एक जुनी युक्ती आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि मग जे तापमान दिसतं ते वाचायचं. याला वेट बल्ब तापमान म्हणतात. घाम वाळून शरीर जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल, याचा तो अंदाज. मी हिशोब मांडून पाहिला. अकोल्याचे ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली तर ओल्या फडक्याचा आकडा येतो २४ च्या आसपास. किनाऱ्याजवळचे ३८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरली तर तो येतो २९ च्या वर. कोरडा पारा सात अंशांनी खाली, ओला पारा पाच अंशांनी वर. वरात अकोल्यात निघू शकते आणि खारघरला माणसं कोसळतात, याचं मोठं कारण या उलटापालटीत आहे.

पण यावरून अकोलेकरांनी खूश व्हायचं कारण नाही. ओला पारा ३५ ला गेला की माणूस जगू शकत नाही, असं बराच काळ मानलं जायचं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण, धडधाकट माणसांवर प्रयोग करून पाहिले. दमट हवेत शरीराचा तोल ३१ च्या आसपासच सुटू लागला, आणि कडक कोरड्या हवेत त्याहूनही खाली. कारण कोरड्या हवेत घाम वाळतो भराभर, पण शरीराला तो तयार करायलाही एक मर्यादा आहे, आणि भोवतालची ४५ अंशांची हवा स्वतःच अंग तापवत असते. म्हणजे विदर्भात माणूस पाणी संपून खलास होतो, कोकणात पाणी असूनही ते उडत नाही म्हणून. मरण एकच, वाट वेगळी. मग उपायही वेगळा हवा, इशाराही वेगळा हवा.

इशाऱ्याचे नियम आपल्याकडे आहेत. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार उष्णतेची लाट ठरवायला मैदानी भागात किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश लागतात. त्यात पारा सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी चढलेला हवा. मैदानात ४५ गाठले तर सरासरी न पाहताच लाट. कोकणासाठी "उष्ण व दमट हवामान" असा वेगळा इशारा अलीकडे दिसतो, आणि २०२३ पासून हवामान विभागानं आर्द्रता धरून काढलेला उष्मा निर्देशांकही प्रायोगिक पातळीवर द्यायला सुरुवात केली. हे चांगलंच झालं. पण याच निकषांत एक गंमत दडलेली आहे. "उष्ण रात्र" जाहीर करायची तर त्या ठिकाणी दिवसाचा पारा ४० किंवा त्याच्या वर असायला हवा. सांताक्रूझचा पारा चाळिशी ओलांडतो तो क्वचित. थोडक्यात, मुंबईकर पत्र्याच्या खोलीत रात्रभर उशी उलटीपालटी करत बसले, तरी कागदावर मुंबईत उष्ण रात्र जवळपास होतच नाही.

यात हवामान विभागाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं काम हवा मोजण्याचं. हवा कुणाच्या शरीराला कुठे सोसेनाशी होते, हे ठरवणं आरोग्य खात्याचं काम. त्या खात्यानं हवामान विभागाचे निकषच आयते उसने घेतले, इथे घोळ आहे.

आमच्या सोसायटीत एक वॉचमनकाका होते, मूळचे परभणीकडचे. गावाकडे पाऊस रुसला, बोअर आटली, मग इकडे आले. गेटजवळ पत्र्याची केबिन, त्यात बारा-बारा तासांच्या दोन ड्युट्या लागोपाठ. ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची त्यांची सवय होती. एकदा मला म्हणाले, "आमच्याकडं ऊन लई असतंय, पण सावलीत बसलं की बरं वाटतंय बघा. इथं सावलीलाच घाम फुटतोय." टॉवेल वाळतच नाही, ही त्यांची तक्रार होती. एका मे महिन्याच्या शेवटी सकाळी दूधवाल्याला ते केबिनमध्ये पडलेले दिसले. दवाखान्यात नेईपर्यंत गेले होते. कागदावर लिहिलं गेलं, हृदयविकार.

ते उन्हानं गेले असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कुणालाच म्हणता येणार नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. उष्माघाताचा मृत्यू म्हणून नोंद व्हायची तर माणूस बहुधा भर दुपारी, चारचौघांत, ताप मोजला जाईल अशा बेतानं पडावा लागतो. रात्री झोपेत ज्याचं हृदय थकलं, ज्याच्या मूत्रपिंडांनी आठवड्याभरानं मान टाकली, जी बाळंतीण अवघडली, ते सगळे दुसऱ्या रकान्यांत जातात. म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी आपल्याकडे उष्माघाताच्या बळींचा जो आकडा छापून येतो, तो वाचून "इतकेच?" असा सुस्कारा सुटतो.

अहमदाबादनं वेगळ्या रीतीनं मोजलं. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. नंतर संशोधकांनी उष्माघाताचे दाखले शोधण्याच्या फंदात न पडता महापालिकेच्या मृत्यूनोंदीतले सगळेच मृत्यू मोजले आणि आगेमागेच्या वर्षांतल्या मे महिन्याशी ताडून पाहिले. १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. कारणांच्या रकान्यात काहीही लिहिलेलं असो, ती माणसं त्या महिन्यात इतर वर्षांसारखी जगायला हवी होती. या आकड्याच्या धक्क्यातून २०१३ मध्ये अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा तयार झाला, दक्षिण आशियातला पहिला. त्यातल्या धोक्याच्या पातळ्या तिथल्याच हवेचा आणि तिथल्याच मृत्यूंचा ताळा मांडून ठरवल्या. पुढच्या एका अभ्यासानं अंदाज बांधला की या आराखड्यामुळे वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले. अंदाजच तो, थोडा इकडेतिकडे धरा. तरी मार्ग दिसतो.

आपल्याकडे या मार्गावरून चालायला काय लागेल? मृत्यूनोंद लागेल. ती १९६९ च्या कायद्यानं गावोगाव होतेच, २१ दिवसांच्या आत. आणि लागेल ती हवेची नोंद, तालुक्याच्याही खालच्या पातळीवरची. इथे मला आंब्याबद्दल बोलावं लागेल.

कोकणात हापूसच्या बागायतदारांसाठी हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. तिच्यात प्रत्येक धोक्याला ट्रिगर ठरलेला असतो. अवकाळी पाऊस इतका पडला, थंडी इतकी खाली गेली, उन्हाळ्यात पारा ठराविक अंशांच्या वर सलग काही दिवस राहिला, की भरपाई लागू. पंचनामा नको, कुणाचा दाखला नको. काजूला वेगळे ट्रिगर, विदर्भातल्या संत्र्याला वेगळे, द्राक्षाला वेगळे. का वेगळे? कारण प्रत्येक पिकाला आणि प्रत्येक भागाला वेगळी हवा सोसत नाही, हे आपण शहाणपणानं मान्य केलेलं आहे. हे मोजायला महावेध प्रकल्पाखाली राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, सगळं दर थोड्या मिनिटांनी नोंदवून पुढे पाठवणारी. कृषी विद्यापीठं आणि हवामान विभाग मिळून दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी सल्ला काढतात, त्यात मोहोरावर कधी काय फवारावं इथपर्यंत तपशील असतो.

देवगडच्या कलमाला किती तापलेली हवा सोसत नाही, हे सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. त्या कलमाखाली गवत काढणाऱ्या बाईला किती सोसत नाही, ते कुठेही लिहिलेलं नाही. मी बागायतदारांच्या विरोधात बोलत नाहीये, त्यांची भरपाई वेळेवर मिळत नाही ही रड वेगळी आहे आणि रास्त आहे. मुद्दा इतकाच की पिकासाठी जे शास्त्र आपण पचवलं, ते माणसापर्यंत आणायला कोणतीही नवी यंत्रणा शोधावी लागणार नाही. त्याच खांबावरचा तोच आकडा शेतकी खात्याकडे जातो तसा आरोग्य खात्याकडे जावा. मंडळनिहाय गेल्या दहा-पंधरा वर्षांचे मृत्यू त्याच्या शेजारी मांडावेत. आर्द्रता धरून, रात्रीचं तापमान धरून, कुठल्या मंडळात कुठल्या पातळीला माणसं जास्त मरू लागतात ते शोधावं. तो त्या मंडळाचा ट्रिगर. सावंतवाडीत तो ३६ ला निघेल, चंद्रपुरात ४४ ला, नाशकात आणखी तिसरीकडेच. निघू दे.

आणि ट्रिगर म्हणजे नुसता मोबाईलवर खणखणणारा इशारा नव्हे. त्या दिवशी रोजगार हमीचं काम सकाळी अकराला थांबावं आणि मजुरी पूर्ण मिळावी. बांधकामावर तेच. मजुरी बुडते म्हणूनच माणूस उन्हात उभा राहतो, त्याला इशारा देऊन काय होणार? २०२४ च्या उन्हाळ्यात 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संघटनेच्या गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार कष्टकरी महिलांसाठी नेमका असाच विमा उतरवला गेला होता. पारा ठरलेल्या पातळीवर गेला की थेट मदत, आणि त्यातल्या बहुतेकींना ४०० रुपये मिळाले. रक्कम चिल्लर आहे, खरं आहे. पण बाईच्या शरीराला ट्रिगर लावता येतो, हे त्या चिल्लरीनं सिद्ध केलं.

आपण मात्र अजून "भरपूर पाणी प्या" या भिंतीवरच्या वाक्यावर आहोत. हे वाक्य डहाणूपासून गडचिरोलीपर्यंत एकाच फॉन्टमध्ये रंगवलेलं असतं. माझं आजोळ पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाण पट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारट आहे. आजी पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना आधी माफी मागायची. भर मे महिन्यात असलं पाणी माणूस भरपूर पिईल कसं? घोटभर पितो आणि तांब्या खाली ठेवतो. याच भागातल्या जळगाव जामोद, संग्रामपूर तालुक्यांत किडनीचे रोगी घरोघर असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. खारं पाणी आणि ४५ अंशांचं ऊन हे दोन्ही एकाच मूत्रपिंडावर पडतं, पण पाणी एका खात्याकडे, ऊन दुसऱ्याकडे आणि मूत्रपिंड तिसऱ्याकडे आहे.

दिनदर्शिकेचाही असाच गोंधळ. उष्माघाताचं सरकारी सर्वेक्षण मार्च ते जुलै चालतं. दिल्लीतून पाहिलं तर ठीकच आहे. पण ऑक्टोबर हीट हा इंग्रजी शब्द ज्या राज्यात आजीबाईंच्या तोंडी मराठीसारखा रुळला, तिथे ऑक्टोबर मोजणीच्या बाहेर राहतो. पाऊस सरलेला, जमीन ओली, आकाश निरभ्र आणि हवा दमट. दिवस नुसता उकडतो.

२०१७ च्या पावसाळ्याअखेरीस यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पोहोचले. बनावट औषधं, घातक मिश्रणं, पंप, दुकानदार, सगळ्यांवर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. हवेवर फारशी झाली नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. तिच्या दोन ओळींमध्ये वारा शिरत नाही, खालून ओल, वरून ऊन. फवारा तोंडासमोर उडतो, अंग घामानं थबथबलेलं, आणि घामेजलेली, तापलेली कातडी विष जास्त ओढून घेते. नंतर संरक्षक किट वाटले. प्लास्टिकचा ॲप्रन, हातमोजे, चष्मा, मास्क. ऑक्टोबरच्या दुपारी ते घालून कपाशीत वीस मिनिटं उभं राहून पाहावं कुणीही. मावसभाऊ म्हणतो तसं, घातलं तर उकडून मरा, नाही घातलं तर औषधानं. किट ज्या कुणी ठरवले, त्यानं थंड हवेतल्या शेतकऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं असावं. फवारणी पहाटे उरकावी, दमट दुपारी ती बंद राहावी, असा मंडळाच्या हवेवरून निघालेला साधा हुकूम त्या प्लास्टिकपेक्षा जास्त जीव वाचवता.

हे फक्त उष्णतेचं नाही. ऑगस्टमधला ताप घ्या. दोडामार्गच्या भातखाचरात चिखलणी करून आलेल्या माणसाला ताप आला, अंग ठणकलं, तर आधी लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, संशय घ्यायला हवा. नागपूरकडे गवतात वावरलेल्याला ताप आला तर गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होणारा स्क्रब टायफस, २०१८ मध्ये तिथे त्याची मोठी साथ येऊन गेली. लहान मुलाला ताप येऊन काही तासांत शुद्ध हरपली तर चांदीपुरा हा मेंदूज्वर, ज्याचं नावच नागपूरजवळच्या गावावरून पडलं, १९६५ मध्ये विषाणू तिथल्या रुग्णांत सापडला म्हणून. पुण्यात ताप आला तर डेंगी. आणि दोडामार्गलाच, पण काजूच्या दिवसांत, कोरड्या पानांत गोचीड चावून ताप आला तर माकडताप. केर गावात २०१६ मध्ये तो आला, पुढच्या वर्षी बांद्याकडे सरकला. प्रत्येक आजाराची स्वतःची हवा आहे, स्वतःची ओल आहे, स्वतःचा महिना आहे. आणि डॉक्टर? तो लातूरहून बदली होऊन आलेला असतो. बिचारा हुशार असतो, पण त्याच्या हातात "पावसाळ्यातील साथरोग" असं एकच राज्यभराचं परिपत्रक असतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जे माहीत असतं, ते त्याला पहिला रुग्ण दगावल्यावर कळतं.

पुण्याच्या डेंगीवर तिथल्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२५ च्या सुरुवातीला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जे निघालं ते सामान्य समजुतीला धक्का देणारं होतं. जास्त पाऊस म्हणजे जास्त डेंगी, असं नाही. आठवड्याला दीडशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अळ्या धुऊनच जातात. डेंगी वाढतो तो रिपरिप, पसरून पडणाऱ्या मध्यम पावसात, सरासरी तापमान २७ अंशांच्या वर आणि आर्द्रता ६० ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान असताना. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा कसा पडला हे महत्त्वाचं. या आधारे दोन महिने आधी इशारा देता येईल, असं त्यांचं म्हणणं. पण हे गणित पुण्याचं आहे. रत्नागिरीला ते लागू होणार नाही, तिथं वेगळं मांडावं लागेल, आणि मांडायला तिथली रुग्णांची नोंद मोकळी करावी लागेल. हवामानाचे आकडे आज कुणालाही मिळतात. तापाच्या रुग्णांचे आकडे मात्र खाती अजून लग्नातल्या दागिन्यांसारखे कुलपात ठेवतात.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला, लोकांना सवय असते. असते, खरं आहे. शरीर एक-दोन आठवड्यांत उन्हाला रुळतं. पण ते त्या उन्हाला रुळतं. परभणीच्या उन्हाला रुळलेले काका डोंबिवलीच्या हवेत नवखेच होते, आणि मुंबई-ठाण्याच्या इमारती बांधणारी, राखणारी, साफ करणारी माणसं बहुतांशी अशी कोरड्या मुलखातून आलेली नवखी माणसं आहेत. शिवाय सवय हा शब्द सहसा एसीत बसलेला माणूस उन्हातल्या माणसाबद्दल वापरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. इतक्या बारीक पातळीवर मोजमाप करू गेलात तर यंत्रांच्या चुकांवर नाचाल. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले, देशभर बोंब झाली, आणि नंतर हवामान विभागानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. झालं ते खरं. पण चूक लगेच सापडली ती आसपास दुसरी केंद्रं होती म्हणूनच. जिथे एकच केंद्र असतं तिथे चूकही कळत नाही. आणि पीकविम्याचे कोट्यवधी रुपये याच प्रकारच्या यंत्रांच्या भरवशावर हलतात, तेव्हा हा आक्षेप मंत्रालयात कुणाच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

गेल्या मे महिन्यात सिंधुदुर्गात एका आडबाजूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणं झालं, बरोबरच्या माणसाच्या पायात काटा मोडला होता. व्हरांड्याच्या टोकाला एका खोलीवर "उष्माघात कक्ष" असा कागद चिकटवलेला. आत दोन खाटा, ओआरएसची खोकी आणि कोपऱ्यात एक कोराकरकरीत कूलर. वरून आलेल्या यादीत होता म्हणून आला असणार. सिस्टरना विचारलं, चालतो का? त्या हसल्या. म्हणाल्या, "लावला की पेशंटला आणखी घामटं होतं. बंदच ठेवतो. पंखाच बरा."

खिडकीतून पलीकडच्या कुंपणात एक पांढरा खांब दिसत होता, वर वाऱ्याच्या वाट्या फिरत होत्या, खाली पावसाचं भांडं आणि सौरपट्टी. मी शिपायाला विचारलं, त्याच्यावरचा आजचा आकडा तुम्हाला कळतो का? त्यानं खिडकीकडे न बघताच मान हलवली.

"ता आमचा न्हय. ता आंब्याच्या विम्याचा."